घरची दुरुस्ती आणि अडलेलं इंजिन : एक आढावा

काल संध्याकाळपर्यंत धावणारी गाडी घरी ऑइल, प्लग किंवा फिल्टर बदलल्यावर स्टार्ट होईनाशी झाली, तर तो बिघाड इतर बिघाडांहून वेगळ्या जातीचा असतो. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचा पूर्वेतिहास मेस्त्रीला ठाऊक नसतो. इथे मात्र गाडी शेवटची केव्हा चालली, त्यानंतर कोणत्या नटाला पाना लागला, कोणता सॉकेट सुटला, हे सगळं मालकाला माहीत असतं. तरीही या तपासात तासन् तास जातात, चांगले सुटे भाग उगाच बदलले जातात आणि शेवटी गाडी ओढून न्यावी लागते. तपास कोणत्या क्रमाने करावा, घरी कोणत्या कामाला हात घालावा आणि हात घालण्याचा हक्क मालकाला कितपत आहे, यावर गॅरेजवाले, कंपन्या आणि हौशी मालक यांची मतं वेगवेगळी आहेत. ती मतं आज कुठवर आली आहेत, हे इथे मांडायचं आहे.

गोव्यातले पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके त्यासाठी समोर ठेवले आहेत. दोन्ही राज्याच्या उत्तर सीमेवरचे. पेडण्याच्या पलीकडे बांदा-सावंतवाडी, डिचोलीच्या पलीकडे दोडामार्ग. मोठ्या वर्कशॉपसाठी इथला माणूस बहुधा म्हापसा-पर्वरीची वाट धरतो. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपा विमानतळाच्या आसपास कितीतरी घरांचा चरितार्थ पर्यटक टॅक्सीवर चालतो. अशा घरात गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं गेलं. घरी सर्व्हिसिंग करण्यामागे हौस असते, पण बऱ्याचदा त्याहून जास्त निकड असते.

कार्ब्युरेटरपासून ईसीयूपर्यंत

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात जवळजवळ सगळं डोळ्यांना दिसत होतं. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, हाय टेन्शन वायरी, चोक. इंजिन पकडण्यासाठी कॉम्प्रेशन, पेट्रोल आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात आणि त्या योग्य वेळी जुळाव्या लागतात. तिन्ही तपासायला प्लग-पाना आणि थोडं धाडस पुरत असे. प्लग काढून बॉडीला टेकवायचा, सेल्फ मारायचा, ठिणगी दिसते का पाहायचं. प्लग ओला आहे की कोरडा, यावरून पेट्रोल पोचतंय का ते कळायचं. त्या काळात ज्यांचे हात तयार झाले, त्यांचा आजही या रीतीवर विश्वास आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

डिचोलीत याला आणखी एक पदर आहे. खनिज वाहतुकीच्या ट्रकांमुळे इथे डिझेल इंजिनांची दुरुस्ती घराघरांतल्या माणसांना जवळून पाहायला मिळाली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणांत उभे राहिले. बॅटरी सल्फेट होऊन मरते, टाकीत पाणी साचतं, इंजेक्टर चिकटतात, टर्मिनल सडतात, हे उभ्या गाडीचे रोग त्या वर्षांत लोकांनी पाहिले. चालत्या गाडीला एक कारण असतं, उभ्या गाडीला चार कारणं एकदम लागतात, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

२००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देण्याची पद्धत) आलं आणि इंधन किती द्यायचं, ठिणगी केव्हा टाकायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवू लागला. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले. बीएस-४ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालं, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. त्याच ओघात गाडीने स्वतःचा दोष स्वतः नोंदवायची व्यवस्था, म्हणजे ओबीडी, सक्तीची झाली. गाडी आता आपलं दुखणं सांगू लागली, पण ते ऐकायला यंत्र लागतं. घरच्या दुरुस्तीचा सगळा वाद याच बदलातून निघाला आहे.

तपासाच्या तीन रीती

पहिली रीत सांगते, शेवटी जिथे हात लावला तिथेच परत जा. गाडी कालपर्यंत ठीक होती. एका दिवसात दुसराच एखादा भाग आपोआप बिघडण्यापेक्षा, काम करताना एखादा सॉकेट अर्धा बसला, पाइप निसटला किंवा अर्थची वायर जोडायची राहिली, याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून काम जसं केलं त्याच्या उलट क्रमाने ते सगळं परत तपासायचं. जुना प्लग, जुना फिल्टर फेकून न देता जवळ ठेवायचा आणि तो परत बसवून पाहायचा. या रीतीला एक पैसा लागत नाही.

दुसरी रीत बॅटरीपासून सुरू करते. तिचे पुरस्कर्ते म्हणतात, माणसाची आठवण दगा देते. केलेलं काम आणि केलं असं वाटणारं काम यांत फरक असतो. म्हणून विजेपासून इंधनापर्यंत एका ठरलेल्या क्रमाने मोजमाप घ्या, अंदाज करू नका. यासाठी साधा मल्टिमीटर लागतो.

तिसरी रीत स्कॅनरची. आधी कोड वाचा, मग बोनेट उघडा. क्रँक पोझिशन सेन्सरचा सिग्नल येत नसेल तर पी ०३३५, कॅम सेन्सरच्या सर्किटचा दोष असेल तर पी ०३४०, असे कोड बहुतेक वाहनांत सारखेच असतात. मोबाइलला जोडता येणारे स्वस्त स्कॅनर आता सहज मिळतात. ही रीत वेगवान आहे, पण तिला मर्यादा आहेत. कोड सर्किटचा दोष दाखवतो. दोष सेन्सरचा, सॉकेटचा की उंदराने खाल्लेल्या वायरीचा, ते कोड सांगत नाही. शिवाय बॅटरी कमजोर असली की अनेक कंट्रोल युनिट एकदम तक्रार करतात आणि खोट्या कोडांची रांग लागते. घरी काम करताना सॉकेट सुटा असताना कोणी चावी ऑन केली असेल, तर त्याचाही कोड नोंदलेला असतो.

तिन्ही रीतींत खरा झगडा क्रमाचा आहे. मला पटतो तो क्रम असा : बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं, कारण त्याला अर्धं मिनिट लागतं आणि ते कमी असेल तर पुढची कोणतीही तपासणी भरवशाची नाही, मग हात लावलेली प्रत्येक जागा परत पाहायची, त्यानंतर स्कॅनर. यावर अनुभवी मेस्त्रींचंही एकमत नाही. नव्या गाड्यांवर काम करणारे स्कॅनर आधी लावतात आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण ग्राहकाने घरी काय केलं हे त्यांना पूर्ण सांगितलं जाईलच असं नाही.

सेल्फ फिरतच नाही

इथून पुढे लक्षणांप्रमाणे जायला हवं, कारण ‘गाडी स्टार्ट होत नाही’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड असतात.

चावी फिरवल्यावर काहीच होत नाही किंवा नुसतं टिक-टिक होतं, तर प्रश्न इंजिनाचा नाही, विजेचा आहे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज विश्रांतीत १२.६ च्या आसपास असतं. १२.२ म्हणजे साधारण निम्मा चार्ज, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. घरी काम करताना बॅटरी उतरण्याचं एक साधं कारण लोकांच्या लक्षात येत नाही : दार दिवसभर उघडं, आतले दिवे चालू, सोबतीला गाणी आणि मधूनमधून चावी ऑन. आधीच अर्धमेली बॅटरी त्यात संपते.

व्होल्टेज ठीक असूनही सेल्फ हलत नसेल तर टर्मिनल आणि अर्थ. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढतो. टर्मिनलवरच्या गंजाने नुसता ०.०१ ओहम अडथळा आणला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात. दिव्यांना थोडाच करंट लागतो, म्हणून डॅशबोर्ड लखलखीत दिसतो, हॉर्न वाजतो आणि मालक म्हणतो, बॅटरी तर चांगली आहे. हा फसवा पुरावा या विषयात सगळ्यात जास्त वेळ खातो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थ नीट बसलेली नाही. गिअरबॉक्स किंवा इंजिनाजवळची अर्थची पट्टी सोडून परत लावताना तिच्याखाली रंग, ग्रीस किंवा माती राहिली की हेच होतं.

याच गटात आणखी काही कारणं येतात. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल, क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाडीत क्लचचा स्विच हलला असेल, काम करताना पान्याने पॉझिटिव्हला धक्का लागून मोठा फ्यूज उडाला असेल. म्हणूनच बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि जोडताना शेवटी लावायचा, हा नियम आहे. जंपर लावतानाही तेच भान हवं : शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या धातूवर लावायचं, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

घरच्या सर्व्हिसिंगनंतरचा हा खास बिघाड. इथे केलेल्या कामावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं.

प्लग बदलले असतील तर आधी वायरींचा क्रम. बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीत दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन झटके देतं, मागे फटाका फुटतो आणि पकडत नाही. वेगवेगळ्या कॉइल असलेल्या नव्या गाडीत सॉकेटची ‘टक’ ऐकू आली का, हे पाहायचं. प्लगचा गॅप पडताना दबलेला असू शकतो, पोर्सिलेनला बारीक तडा गेलेला असू शकतो. प्लग एकदम सगळे काढण्याऐवजी एकेक करून बदलावे, हा जुना सल्ला आजही तितकाच कामाचा आहे.

ऑइल बदलल्यावर इंजिन पकडेनासं झालं, तर ऑइलचा दोष क्वचितच असतो. फिल्टरपर्यंत हात घालताना क्रँक सेन्सरचा सॉकेट किंवा सेल्फची बारीक वायर ओढली गेली का, ते पाहायला हवं. तो सेन्सर फिरण्याचा सिग्नल देत नाही तोवर ईसीयू ठिणगीही देत नाही आणि इंधनही. ऑइलच्या नटाऐवजी चुकून गिअरबॉक्सचा नट उघडला जाणं हीसुद्धा नवशिक्याची नेहमीची चूक; त्यामुळे गाडी लगेच अडत नाही, पण ऑटोमॅटिक असेल तर पुढचं नुकसान मोठं.

डिझेल गाडीत फिल्टर बदलला आणि गाडी पकडेना, तर जवळजवळ नेहमीच लाइनमध्ये एअर आलेली असते. फिल्टरवरचा हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबून एअर काढायची. नुसता सेल्फ मारत राहिलं तर बॅटरी उतरते आणि सेल्फ तापतो. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नये, मध्ये थंड होऊ द्यावा. कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टरकडे जाणारे पाइप घरी ढिले करू नयेत. तिथे दाब हजार बारच्या पुढे असतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जुन्या ट्रकांवर पाइप ढिले करून एअर काढलेल्या हातांना हे सांगावं लागतं, कारण त्यांची सवय त्या काळी योग्य होती.

पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज, रिले, पंपाचा सॉकेट. ती असेल आणि प्लग ओले असतील तर इंजिन फ्लड झालं आहे. बहुतेक ईसीयू अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंधन बंद ठेवतात, त्याचा उपयोग करायचा. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल तर या कशाचाच संबंध नाही. चावीतली चिप गाडीने ओळखलेली नाही, दुसरी चावी लावून पाहायची.

टायमिंग बेल्टला हात लावला असेल तर तपासाची पद्धतच बदलते. बेल्ट एक-दोन दाते सरकला तर इंजिन पकडत नाही आणि काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, सुसाट येत असेल तर कॉम्प्रेशन नाही असं समजून तिथेच थांबावं. पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्याची किंमत इथे सगळ्यात जास्त.

पकडून लगेच मरणाऱ्या गाडीत बहुधा हवेची गळती असते : एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप राहिली, थ्रॉटलकडचा पाइप नीट बसला नाही, हवेच्या सेन्सरचा सॉकेट सुटा. थ्रॉटल साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ईसीयूने शिकलेली आयडलिंगची जुळणी बिघडते, तेव्हा थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी काही वेळ चालवली की ती परत बसते. काही गाड्यांना मात्र स्कॅनरनेच ती बसवावी लागते.

पाऊस, खार आणि लाल धूळ

पुस्तकात न मिळणारी कारणं प्रदेशाप्रमाणे असतात. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात घरी सर्व्हिसिंग करण्याची रीत आहे आणि त्यातच अनेकदा इंजिन पाइपच्या पाण्याने धुतलं जातं. प्लगच्या खोबणीत साचलेलं पाणी, कॉइलच्या रबराखालचा ओलावा, फ्यूज बॉक्समध्ये गेलेली फवारणी यांमुळे धुण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी गाडी अडते. एअरच्या झोताने सुकवली की बहुधा सुटते.

हरमल, मोरजी, केरीसारख्या समुद्रालगतच्या गावांत खाऱ्या हवेने टर्मिनल आणि अर्थचे सांधे लवकर सडतात. वर्षभर गंजून घट्ट बसलेला सांधा काम करताना एकदा हलला की त्याचा जुना संपर्क तुटतो आणि दोष मालकाच्या कामावर येतो. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लावून टर्मिनल घासायचे, कोरडे करून घट्ट करायचे आणि वर व्हॅसलीनचा हात द्यायचा, हा उपाय कोणीही करू शकतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात लाल धूळ फिल्टरमध्ये साचते. डबा उघडताना ती थ्रॉटलमध्ये पडते आणि हवेच्या सेन्सरवर बसते. फिल्टर काढण्याआधी डब्याच्या कडा ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं लागतात. आणि पावसात शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतातच. काम केल्यानंतर अडलेल्या गाडीत, सगळं नीट बसलेलं असूनही सिग्नल नसेल, तर वायरीचं वेष्टण पाहावं.

पुराचा प्रकार सगळ्यांत गंभीर. २३ जुलै २०२१ च्या पुरात डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. अशा पाण्यात बुडालेली गाडी घरी ऑइल बदलून, फिल्टर सुकवून स्टार्ट करण्याचा मोह होतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. यात दोन मतं नाहीत : प्लग काढून, इंजिन हाताने पान्यावर फिरवून पाणी बाहेर पडेपर्यंत सेल्फ मारायचाच नाही. डिझेलला, कॉम्प्रेशन जास्त असल्याने, हा नियम आणखी कडक. विमा कंपन्या पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारतात, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. त्यावर ग्राहक न्यायालयांत वाद होत आले आहेत.

ज्यावर एकमत नाही

धक्का स्टार्ट हा पहिला वाद. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो निर्धोक होता. एमपीएफआय गाडीत ईसीयू आणि पंप चालण्याइतकी बॅटरी असेल तर गाडी पकडते, पण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापू शकतो. एकदा-दोनदा प्रयत्न करायला हरकत नाही असं म्हणणारे आणि अजिबात करू नये असं म्हणणारे, दोघेही जाणते आहेत. टायमिंग बेल्टबद्दल शंका असेल किंवा गाडीत पाणी गेलं असेल तर मात्र दोघंही नाही म्हणतात.

प्रत्येक कामाआधी बॅटरी सोडावी का, हा दुसरा. शॉर्ट सर्किट आणि एअरबॅगच्या दृष्टीने सोडणं सुरक्षित. पण शिकलेली जुळणी, घड्याळ, काचांच्या बटणाचं सेटिंग आणि काही गाड्यांत रेडिओचा कोड जातो. नुसता एअर फिल्टर बदलायला बॅटरी सोडायची गरज नाही, सेल्फ किंवा अल्टरनेटरजवळ पाना जाणार असेल तर सोडायलाच हवी, असा मध्य बहुतेकांना मान्य आहे.

तिसरा वाद अलीकडचा आणि तापलेला : वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बाजारात आणायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. जुन्या गाड्यांच्या मालकांचं म्हणणं असं की रबराचे पाइप, पंप आणि इंजेक्टर यांना ते सोसत नाही. सरकारची बाजू अशी की चाचण्यांत गंभीर दोष दिसलेले नाहीत, मायलेज थोडं घटतं इतकंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असा अंदाज होता. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं. त्याचबरोबर, जास्त इथेनॉल असलेलं मिश्रण वेगळं होण्याआधी जास्त पाणी सामावून घेतं, हेही खरं. घरच्या दुरुस्तीपुरतं बोलायचं तर एक धोका स्पष्ट दिसतो : गाडी अडली की दोष पेट्रोलवर टाकून अर्धा बसलेला सॉकेट न पाहणं. पण पावसाळाभर उभी असलेली जुनी गाडी सर्व्हिसिंगनंतर पकडत नसेल, तर टाकीतलं जुनं पेट्रोल संशयाच्या यादीत ठेवणंही योग्यच.

दुरुस्तीचा अधिकार

हे सगळं तपासायला मालकाला किंवा गावातल्या गॅरेजला माहिती लागते : वायरिंगचे नकाशे, टॉर्कचे आकडे, कोडांचे अर्थ, चावी जुळवण्याची सोय. कंपन्यांची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. चावीची माहिती खुली झाली तर चोरी सोपी होते. ब्रेक, एअरबॅग आणि उच्च दाबाचं इंधन यांत अर्धवट ज्ञान जिवावर बेततं. बनावट प्लग आणि फिल्टर बाजारात आहेत आणि त्यांच्यामुळे झालेला बिघाड कंपनीच्या माथी येतो. स्वतंत्र गॅरेजांची बाजू अशी की सुरक्षिततेच्या नावाखाली साध्या कामांचीही माहिती अडवली जाते आणि ग्राहकाला महाग वर्कशॉपशिवाय पर्याय उरत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये या दुसऱ्या बाजूला वजन दिलं. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, निधी खरे तिच्या अध्यक्ष होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या विषयाचं पोर्टल सुरू झालं आणि शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही त्यात घेतली गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मतदारांच्या कौलाने गाड्यांच्या दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा केला होता. आपल्याकडे पोर्टल आहे, आयोगाचा आदेश आहे. मॅसॅच्युसेट्ससारखा बंधनकारक कायदा नाही.

उरलेले प्रश्न

वॉरंटीतला सगळ्यात अडचणीचा मुद्दा पुराव्याचा आहे. मालकाने घरी फिल्टर बदलला आणि महिन्याने इंजेक्टर गेला, तर दोन्हींचा संबंध आहे की नाही हे कोणी सिद्ध करायचं? सरसकट नकार चुकीचा, हे आयोगाने सांगितलं. पण प्रत्येक प्रकरणात भांडायची ताकद पेडण्यातल्या एका टॅक्सीवाल्याकडे नसते. कामाची तारीख, किलोमीटर, भागांची बिलं आणि जुने भाग जपून ठेवणं एवढंच आज त्याच्या हाती आहे, आणि ते त्याने करावं असं मला कळकळीने वाटतं.

प्रशिक्षणाचा प्रश्नही तसाच आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. स्कॅनर आणि मल्टिमीटर हातात घेऊन तर्काने दोष शोधण्याचा सराव त्यात जितका मिळेल, तितकी गावातली गॅरेजं या बदलात टिकतील. मालकांसाठी मात्र असं काही नाही. दोन रविवारांच्या वर्गात बॅटरी, अर्थ, फ्यूज, सॉकेट आणि थांबायची वेळ एवढं शिकवता येईल. ते कोणी घ्यावं, आयटीआयने, पंचायतीने की टॅक्सी संघटनांनी, याची चर्चा अजून सुरूही झालेली नाही.

आणि विजेच्या गाड्या. त्यांत प्लग नाहीत, ऑइलचा फिल्टर नाही, तरी त्याही ‘स्टार्ट’ होईनाशा होतात, आणि याचं एक नेहमीचं कारण तीच जुनी १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. ती बॅटरी, तिचे टर्मिनल आणि तिची अर्थ मालकाने घरी पाहायला हरकत नसावी. नारिंगी वेष्टणाच्या उच्च दाबाच्या केबलांना मात्र प्रशिक्षणाशिवाय कोणीच हात लावू नये. या दोन टोकांच्या मध्ये येणारी कामं, म्हणजे कूलंट, केबिन फिल्टर, चार्जिंगच्या सॉकेटची सफाई आणि सॉफ्टवेअर परत बसवणं, कोणाची, हे प्रत्येक कंपनी सध्या आपापल्या मॅन्युअलमध्ये ठरवते आहे.